विझलेल्या भट्टीलाही पाणी लागते
(अभ्यासवर्गातील भाषण)



अणुभट्टी थंड कशी ठेवतात, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा आहे असे आम्ही मानत नाही. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या जुन्या साथींना तो चटकन कळेल. बॉयलरमधले पाणी फार उतरले की लेड प्लग वितळे. तशी वेळ आलीच, तर फायरमन आग खाली पाडून मोकळा होई. अणुभट्टीतली आग अशी पाडता येत नाही. विखंडन थांबविले तरी इंधनातील किरणोत्सारी द्रव्ये तापतच राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ टक्के असते, दिवसभरानंतरही सुमारे अर्धा टक्का उरते. ती वाहून नेली नाही तर इंधन वितळते.

आपल्या बहुसंख्य अणुभट्ट्यांत हे काम जड पाणी करते. दाबाखालचे हे पाणी पंपांच्या जोरावर इंधनाच्या नळ्यांतून फिरते आणि आपली उष्णता बाष्पजनित्रातील साध्या पाण्याला देते. त्याच्या वाफेवर टर्बाईन चालते. पंपांना वीज लागते; वीज गेली तर डिझेल जनित्रे असतात. तीही बंद पडली तर?

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे तेच घडले. टर्बाईनची पाती तुटली. हायड्रोजन व तेलाने पेट घेतला. मुख्य आणि राखीव विजेच्या केबली जवळजवळ टाकलेल्या असल्याने दोन्ही जळाल्या. केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. कर्मचाऱ्यांनी भट्टी लगेच बंद केली. मग आगीसाठी ठेवलेले डिझेल पंप चालवून त्यांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडले. तेथे निवलेले जड पाणी खाली उतरे, भट्टीत तापलेले वर चढे. पंपाविना अभिसरण चालू राहिले. काही जण बॅटऱ्यांच्या उजेडात वर चढले आणि बोरॉनच्या द्रावणाच्या झडपा त्यांनी हातांनी उघडल्या. भट्टी वाचली.

२०११ साली जपानमध्ये फुकुशिमा येथे त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडविली. तेथे तीन भट्ट्यांतील इंधन वितळले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: राखीव केबल वेगळ्या वाटेने नेणे, पंप दर आठवड्याला चालवून पाहणे, पाळीवर पुरेशी जाणती माणसे ठेवणे, या खर्चाला उधळपट्टी म्हणू नका. नरोऱ्यात त्या रात्री हिशेबाच्या वह्या नव्हे, पाळीवरची माणसे उपयोगी पडली.