अण्णांची फियाट आणि आईची सही



एरवी या कार्यक्रमात मी बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड असंच काहीतरी घेऊन येते. आज मात्र एका जुन्या मोटारीची गोष्ट सांगणार आहे. कुणी म्हणेल, "ताई, आमच्या दारात धड सायकल नाही आणि तुम्ही मोटारीचं काय सांगताय?" थोडं ऐका. गोष्ट मोटारीची असली तरी शेवटी ती तुमच्या-माझ्या घरातल्या कागदांपाशी येणार आहे.

माझं माहेर बार्शी तालुक्यातलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती. माझ्या जन्माच्या आधी त्यांनी सोलापुरातल्या एका डॉक्टरांकडून जुनी फियाट घेतली. १९६७ सालची फियाट ११००. 'डिलाइट' म्हणायचे तिला. गिअर खाली नाही, स्टेअरिंगच्या दांडीला. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला पान लागलं, की आमच्या दारावर थाप पडायची. अण्णा गाडी काढायचे आणि आई मागच्या सीटवर बसून बाळंतिणीला धरायची. त्या गाडीत आई कधी पुढं बसल्याचं मला आठवत नाही.

२००६ च्या सुमारास गाडी बंद पडली. अण्णांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि म्हणाले, "पुढच्या सुगीला करू." अशा बऱ्याच सुग्या गेल्या. २०१९ ला अण्णाही गेले. पुढं तीन वर्षांनी दादाचा फोन आला. "भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. शेडमधली जागा मोकळी होईल. तू फक्त संमतीची सही कर." दादाचं काही चुकलं नव्हतं. त्याला खतं ठेवायला जागा हवी होती.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला काय कळतंय गाडीतलं? तुम्ही कराल ते."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी गटांच्या बैठकीत रोज ऐकते. कर्ज कशासाठी घेतलं, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर, असं विचारलं की उत्तर हेच येतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी बघितलं, तर आईनं ताडपत्री बाजूला सारली होती आणि ओल्या फडक्यानं गाडीची काच पुसत होती. मला बघून म्हणाली, "काही नाही, धूळ बसली होती."

मी सही केली नाही. दादाला सांगितलं, "मला दीड वर्ष दे. पैसे माझे. नाही जमलं तर भंगारवाल्याला मीच बोलावीन."

आधी पैशाचं ठरवलं. गटातून या कामासाठी एक रुपयाही उचलायचा नाही. कर्ज असावं ते शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला, पोरांच्या शिक्षणाला. ही माझी हौस होती, तिनं कमाई होणार नव्हती. मग माझ्या मानधनातून आणि आमच्या ह्यांच्या पगारातून मिळून महिन्याला चार हजार बाजूला काढायचे, त्या महिन्यात तेवढंच काम करायचं, आणि प्रत्येक खर्च वहीत लिहायचा, असं ठरलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल नसेल, पण हिशोब असावाच लागतो.

तरी पहिली चूक मीच केली. पहिल्याच महिन्यात सीटसाठी झकास मरून रेक्झिन घेऊन आले. बार्शीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, आयुष्यभर फियाटच केल्यात. ते हसून म्हणाले, "ताई, नवरीला अंघोळीच्या आधीच शालू नेसवताय." रेक्झिन पेटीत गेलं आणि मिस्त्रीमामांनी कामाचा क्रम सांगितला. तो तुम्हालाही सांगते, कारण बंद पडलेली मोटरसायकल किंवा पंपाचं इंजिन चालू करतानाही तो उपयोगी पडतो.

वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन एकदम चावी मारून चालू करायचं नाही. आत गंज धरून पिस्टन जाम झालेला असतो, जोर लावला तर मोडतो. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, ते चिकट होऊन नळ्या बंद करतं. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडायचं आणि चार-आठ दिवस वाट बघायची. त्यानंतर पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. आमचं अकराव्या दिवशी जरासं हललं. आई शेजारीच ज्वारी निवडत होती. सूप तसंच धरून उठली.

दुसरं, पत्रा. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा, म्हणून तळाचा पत्रा सडला की गाडीचा कणाच सडला. बाहेरून ती कितीही चांगली दिसो, आतल्या चटया उचलून बघायचं. आम्ही उचलल्या तर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. सडलेला पत्रा कापून नवा जोडण्यात चार महिन्यांचे पैसे गेले.

तिसरं, ब्रेक. इंजिन चालू व्हायच्या आधी गाडी थांबली पाहिजे, असं मिस्त्रीमामा म्हणायचे. चारही चाकांचे रबर, नळ्या, ब्रेकऑइल, सगळं नवं घातलं. इथं एक जपा. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. ती फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपनं उडवायची नाही. ओल्या फडक्यानं टिपायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, आणि पोरांना तिथं फिरकू द्यायचं नाही. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, हेही पक्कं. खाली मजबूत टेकू हवेतच.

चौथं, वायरिंग. उंदरांनी निम्म्या वायरी कुरतडल्या होत्या. जोड मारत बसलं तर आग लागायची भीती, म्हणून सगळ्या नव्या घातल्या. आणि टायर. नक्षी शाबूत असली तरी इतक्या वर्षांचं रबर फुटतंच. तेही बदलले. रंग सगळ्यात शेवटी.

सुटा केलेला प्रत्येक भाग आम्ही आधी फोटो काढून ठेवायचो. नट-बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, वर चिठ्ठी: 'डावा दरवाजा', 'पुढचं चाक'. चिठ्ठ्या आईनं लिहिल्या. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. बरणीवर 'कार्बोरेटर' लिहायला तिला तीन कागद लागले, पण लिहिलं.

त्या कार्बोरेटरनं आम्हाला एक धडा दिला. तो दुरुस्तीला शहरातल्या एका गॅरेजला दिला. पावती घेतली नाही. चार महिने 'उद्या या' ऐकलं आणि परत मिळाला तेव्हा आतले दोन भाग गायब. भांडायला हातात काही नव्हतं. दुसऱ्यांना हिशोब शिकवणारी मी, आणि पावती घ्यायला विसरले! तुम्ही विसरू नका. वस्तू देताना फोटो काढा आणि दोन ओळींची का होईना, पावती घ्या.

गायब झालेल्या भागांसाठी थेट मुंबईच्या चोर बाजारापर्यंत जावं लागलं, कारण या गाड्या आता दुर्मीळ झाल्यात. एकेकाळी मात्र रस्तोरस्ती त्याच होत्या. डिलाइटच्या आधीच्या गुबगुबीत मॉडेलला तर लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. आणि ही गाडी परक्या मुलखातली समजू नका. ती बनवणारी कंपनी आपल्याच माणसानं काढलेली. शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. ठेकेदारी सुरू केली ती आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर. पुढं १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि हीच डिलाइट पुढं 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. तिचं उत्पादन कधीच बंद झालं, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी बातमी बघताना आई म्हणाली, "म्हणजे आता आपलीच राहिली." तसं नाही, हौशी लोकांकडं अजून आहेत. पण मी तिला काही बोलले नाही.

आता कागदांकडं येते.

इंजिन चालू झाल्यावर दादा म्हणाला, "आता आरसी बुक माझ्या नावावर करून घेऊ." आरसी बुक अण्णांच्याच नावावर होतं. मी म्हटलं, "आईच्या नावावर करू." दादा गप्प बसला. मग म्हणाला, "आई गाडी चालवणारे का?" मी म्हटलं, "मालकीला लायसन लागत नाही, दादा."

कायद्यानं बाई आपल्या नवऱ्याची वारस आहे, आणि मुलगीही वडिलांची वारस आहे, लग्न झालेली असली तरी. म्हणून तर भंगारवाल्याच्या वेळी दादाला माझी सही लागत होती. आपण बहिणी बऱ्याचदा न वाचता सही करतो, कारण माहेर तुटेल अशी भीती वाटते. मलाही वाटली. दोन महिने दादा माझ्याशी कामापुरतंच बोलला. पण संमतीच्या कागदावर आम्ही दोघांनी एकाच दिवशी सह्या केल्या आणि त्यानंतर त्यानंच मला एसटी स्टँडवर सोडलं.

नियम असा आहे. गाडीचा मालक वारला, तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायला अर्ज द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा, बाकीच्या वारसांची संमती. आम्ही कित्येक वर्षं उशीर केला, त्यामुळं दंड आणि हेलपाटे वाढले. शिवाय गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे. अशा गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये वेगळा नियम केला. गाडी मूळ रूपात असेल तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये ठेवलेलं आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्ही अर्ज करताना शुल्क किती ते आरटीओत विचारून घ्या, ते बदलत असतं.

ते वीस हजार आम्ही अजून जमवतोय. रंगही राहिलाय. रेक्झिन मात्र पेटीतून निघालं, आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईनं त्याची सीट शिवली, आत नवा काथ्या भरला. तिला तिची मजुरी रोख दिली, वहीत लिहून.

मला अधूनमधून वाटायचं, मोटारीवर एवढा जीव लावणं आपल्यासारखीला शोभतं का? तेव्हा मी लाल बहादूर शास्त्रींची गोष्ट आठवायची. पंतप्रधान असताना त्यांनी फियाटच घेतली. किंमत बारा हजार. घरात सात हजार होते, उरलेल्या पाच हजारांचं पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. १९६६ च्या जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंदला गेले ते परत आले नाहीत. ते कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट लोक शास्त्रीजींच्या साधेपणासाठी सांगतात. मला मात्र दर महिन्याला हप्ता भरणाऱ्या ललितादेवी दिसतात. कर्ज कुणीही घेतलं तरी मागं राहिलेल्या बाईनं फेडायचं, हे आपल्याकडं सगळ्यांना मान्य असतं. मग वस्तू तिच्या नावावर करतानाच सगळे का अडखळतात?

नोंदणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही. गेल्या सुगीत आम्ही ती आमच्याच रानात, शेडपासून खळ्यापर्यंत नेली आणि परत आणली. दादा चालवत होता. आई सवयीनं मागचं दार उघडायला गेली. दादाच म्हणाला, "आई, पुढं बस." ती बसली, आणि खळ्यापर्यंत पदर डोक्यावर घट्ट धरून समोर बघत राहिली. उतरल्यावर म्हणाली, "तुझे अण्णा जरा हळू चालवायचे."

अर्जावर 'अर्जदाराची सही' अशी जागा असते. तिथं आईनं पूर्ण नाव लिहिलंय.

मैत्रिणींनो, आजच्या गोष्टीतून एकच काम घेऊन जा. या आठवड्यात घरातली पत्र्याची पेटी उघडा. मोटरसायकल, ट्रॅक्टर, टेम्पो, जे काही असेल त्याचं आरसी बुक काढा आणि नाव वाचा. ते नाव हयात नसलेल्या माणसाचं असेल, तर अपघात झाल्यावर विम्याचे पैसे मिळवताना तुमचीच ओढाताण होईल. पुढच्या बैठकीत ते कागद घेऊन या. अर्ज कसा भरायचा ते आपण सगळ्या मिळून बघू. आणि घरात एखादी जुनी वस्तू ताडपत्रीखाली पडली असेल, तर ती विकण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा. "तुम्ही कराल ते" असं म्हणाली, तर पुन्हा विचारा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.