मातीचा नाग आणि यंत्राचा माणूस



गोरक्षनाथांची कथा बत्तीस शिराळ्यात कोणास सांगावी लागत नाही. भिक्षेसाठी आलेल्या नाथांना एका दारी तिष्ठावे लागले, कारण गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. नाथांनी तिच्यापुढे जिवंत नाग प्रकट केला, अशी श्रद्धा आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या मिरवणुकीला बंदी झाली आणि भाविकांनी पुन्हा प्रतिमेपुढे हात जोडले. हळहळ वाटली, पण मातीचा नाग पाहून कोणाचे मन शहारले नाही. आपण प्रतिमा आहोत, हे ती मूर्ती लपवीत नाही.

यंत्रमानवाचे तसे नाही. जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एका निबंधात मांडले की, यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपुलकी वाढते. मात्र साम्य जवळजवळ पूर्ण होऊन थोडेसेच उणे राहिले, की ती एकदम कोसळते. या घसरणीला त्यांनी दरी म्हटले. हुबेहूब दिसणारा कृत्रिम हात हाती घ्यावा आणि तो थंडगार लागावा, तसा तो अनुभव. यंत्र हलू लागले की दरी अधिकच खोल होते.

याउलट, यशवंत पाध्ये यांनी घडविलेल्या आणि रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोहोचविलेल्या अर्धवटरावांवर महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या प्रेम केले. तो बोलतो, पण बाहुला म्हणूनच. ‘इस्रो’ने २०२० साली दाखविलेली ‘व्योममित्रा’ही अर्धमानवी, कामापुरती आहे. ‘सोफिया’ला मात्र २०१७ साली सौदी अरेबियाने नागरिकत्वच देऊ केले. त्याच डिसेंबरात ती मुंबईच्या आयआयटीत साडी नेसून आली. साडीने यंत्राला माणूसपण येत नाही.

प्रश्न कुतूहलाचा नाही. मुले पुण्या-मुंबईत वा परदेशी आणि आई-वडील गावी एकटे, अशी घरे वाढत आहेत. उद्या तेथे यंत्र येईल. त्याने औषधाची वेळ अवश्य सांगावी. पण नातवाचा चेहरा लावून नव्हे. आपली परंपरा मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करते, तशी पार्थिव मूर्तीचे विसर्जनही करते. मूर्ती आणि प्राण यांतील भेद तिला ठाऊक आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढेच करावे. वस्तीतील एकाकी वृद्धाच्या दारी आठवड्यातून एकदा तरी जावे. हाताची ऊब अजून कोणत्याही कारखान्यात घडत नाही.