एकच खुर्ची



घरबसल्या उत्तमांतला उत्तम ध्वनी ऐकण्याचा एक छंद आहे. त्याला 'हाय-फाय' म्हणतात. ह्या छंदाचे उपासक तबकडीयंत्र, अँप्लिफायर, स्पीकर, इतकेच काय पण ती जोडणाऱ्या तारांवरसुद्धा पदरचे पैसे सढळ हाताने खर्च करतात आणि त्यांविषयी तासन् तास वाद घालतात. मीही त्यांतलाच एक. अर्थात मास्तरकीच्या पगाराला झेपेल तेवढाच. ह्या मंडळींत वावरताना एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. आमच्या बैठकींत स्त्री जवळजवळ नसतेच. असलीच तर चहाचा ट्रे घेऊन येते आणि ठेवून जाते. असे का व्हावे?

पुरुषाचा कानच अधिक तयार असतो, असे आमच्यातले काही जण मिशीत हसत सांगतात. शरीरशास्त्र मात्र नेमके उलट सांगते. सरासरीने पाहता स्त्रियांचे कान, विशेषतः उंच स्वरांच्या बाबतीत, थोडे अधिक तीक्ष्ण असतात आणि वयोमानाप्रमाणे ते पुरुषांच्या कानांइतके लवकर मंदावत नाहीत. म्हणजे पन्नाशीतला जो गृहस्थ महागड्या स्पीकरमधील झांजेच्या किणकिणाटाची वाखाणणी करतो, त्याला तो किणकिणाट त्याच्या पत्नीपेक्षा कमीच ऐकू येत असण्याचा संभव अधिक!

मग यंत्रांचे वेड पुरुषाच्या रक्तातच आहे म्हणावे, तर इतिहास आड येतो. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा ज्यांच्या तबकड्यांनी नाव मिळविले त्या गौहरजान एक स्त्रीच होत्या. १९०६ साली अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने ग्रामोफोनचा तो अवजड कर्णा लाकडी कपाटात दडवून 'व्हिक्ट्रोला' बाजारात आणला. दिवाणखान्यात शोभेल असे हे यंत्र खपविताना कंपन्यांचा डोळा मुख्यतः गृहिणींवर होता. घरात चांगले संगीत आणणे हे तिचे काम समजले जाई. तबकडी निवडणारी तीच आणि पुष्कळदा किल्ली देणारीही तीच.

पारडे फिरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्करात रेडिओ आणि रडारचे शिक्षण घेतलेले हजारो तरुण घरी परतले होते आणि त्यांच्या हाताला झाळण्याची सवय लागलेली होती. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' ह्या इंग्रजी मासिकात विल्यम्सन ह्या अभियंत्याने एका उत्तम अँप्लिफायरची रचना छापली, आणि हौशी लोकांनी ती घरोघरी बांधून पाहिली. पुढच्याच वर्षी कोलंबिया कंपनीची दीर्घवादन तबकडी आली. त्या काळातल्या अमेरिकन नियतकालिकांचा अभ्यास करून कीर काइटली ह्या संशोधकाने १९९६ साली एक निबंध लिहिला. बायकोच्या तक्रारींपासून आणि टेलिव्हिजनच्या गोंगाटापासून दूर, पुरुषाचा स्वतःचा हक्काचा कोपरा, असे ह्या छंदाचे चित्र तेथे कसे रंगविले गेले, ते त्यांनी दाखविले आहे. व्यंगचित्रांतली पत्नी सदैव 'आवाज कमी करा' एवढेच म्हणणारी! स्पीकर केवढा असावा हे बायको किती सोसील त्यावर ठरते, ही थट्टा अजूनही चालू आहे. त्याच काळात, १९५८ साली, लंडनला बी.बी.सी.ची रेडिओफोनिक कार्यशाळा उभी करणाऱ्यांत डॅफ्नी ओरॅम ह्या बाई होत्या. पण व्यंगचित्रकारांना त्याची खबर नसावी.

आता खुर्चीविषयी सांगतो. स्टिरिओ नीट ऐकायचा तर दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा लागतो. त्या तिसऱ्या टोकाला एकच खुर्ची बसते. तिच्यावर तासभर, कोणी हाक न मारता, काहीही न करता बसायचे! आपल्या घरांत असा तास कोणाच्या वाट्याला येतो? मला तर वाटते, सगळे उत्तर ह्या एका प्रश्नात आहे. पैसा, मोकळी खोली आणि बिनजबाबदार वेळ ही तिन्ही ज्याच्याजवळ, त्याचा हा छंद. गंमत अशी की, यंत्राची परीक्षा घेताना आम्ही बहुधा लावतो तो मात्र बाईचा आवाज.

मागच्या पावसाळ्यात मी स्पीकरच्या तारा बदलल्या. एका ख्यालाची जुनी तबकडी लावली. मित्र जमले होते. नव्या तारांनी आवाज कसा 'खुलला' ह्यावर सर्वांचे एकमत झाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, "अहो, आज डग्गा कुठं गेला? आणि बाईंचा आवाज असा पोकळ का येतोय?" आम्ही हसलो. मित्र गेल्यावर मात्र मी गुपचूप मागे वाकून पाहिले. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एक पडदा पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई आणि खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकीत. चौघा जाणकारांना समोर बसून जे कळले नाही, ते तिला भिंतीपलीकडून, भाकरी थापता थापता कळले होते.

तारा सुलट केल्या आणि तिला बोलावले. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, पण त्या खुर्चीवर ती त्या दिवशी प्रथमच बसली. पदराला हात पुसले आणि डोळे मिटले. विलंबिताची जेमतेम चार आवर्तने झाली असतील. "आता आहे डग्गा," ती हळूच म्हणाली. इतक्यात आतून कुकरची शिट्टी झाली आणि ती सवयीने उठू लागली.

"बस तू," मी म्हटले आणि आत गेलो. गॅस कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे मला आठवेना.