दारू, दोस्ती आणि प्रेम

नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरची वाट जिथे फुटते, ते जाम, समुद्रपूर तालुक्यातलं. गांधी-विनोबांच्या या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण शेजारच्या चंद्रपुरातली बंदी 2021 मध्ये उठली. शिवाय हातभट्टीही चोरून चालते. म्हणजे बाटली हाती लागणं अवघड नाही.

वाढदिवसाच्या पार्टीत कोल्ड्रिंकच्या बाटलीतच दारू मिसळलेली असते. "माझ्यासाठी एक घोट," असा आग्रह होतो. आवडत्या माणसाला नाही कसं म्हणायचं? इथेच मुलं फसतात. पंधरा-सोळाव्या वर्षी मेंदूचा सारासार विचार करणारा भाग अजून घडत असतो. दारू आधी त्यालाच सुस्त करते. मग संशय, भांडण, हात उगारणं, नको ती जवळीक. लिंबूपाणी किंवा कॉफीनं नशा उतरत नाही. यकृत आपल्या गतीनंच दारू पचवतं.

कायदाही पक्का आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अठरा वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची शारीरिक संबंधाला दिलेली संमती बाल लैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायदा मानत नाही.

मुलांनो, नकार ऐकून जे नातं तुटतं, ते तुटलेलंच बरं. आईबाबांनो, पोरगं खरं सांगत असेल तर आधी ऐकून घ्या, रागवायचं ते मागाहून. मदतीसाठी 1098 ही चाइल्डलाइन आणि मन मोकळं करायला 14416 ही टेलिमानस सेवा, दोन्ही मोफत आहेत.