गाडीतली मराठी

सिंगापूर हा देश पूर्व-पश्चिम मोजला तर जेमतेम ५० किलोमीटर भरतो. इथे लांबचा प्रवास असा नसतोच. तरीही आमच्या घरात मराठीचा सगळ्यात मोठा सलग वेळ गाडीत जातो. सकाळी बेडोकच्या आमच्या घरून लेकीला शाळेत सोडायला निघालो की २५ मिनिटं आम्ही बरोबर असतो. त्या २५ मिनिटांत तिच्या कानावर जेवढं मराठी पडतं, तेवढं उरलेल्या दिवसात कुठेच पडत नाही. म्हणून आज मी एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहे: मोबाइलमधला आवाज गाडीच्या स्पीकरवर नीट कसा आणायचा.

इथल्या शाळांत मातृभाषा हा विषय सक्तीचा आहे. चिनी, मलय आणि तमिळ या मुख्य भाषा. ज्या भारतीय मुलांची भाषा तमिळ नाही, त्यांना बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. मराठी या यादीत नाही. माझी लेक हिंदी शिकते. रेडिओ लावला तर ९६.८ वर ‘ओली’ हे तमिळ केंद्र लागतं, इतर केंद्रांवर इंग्रजी, चिनी आणि मलय. पूर्वी आपल्याकडे पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढावा लागे, ते ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असेल. सिंगापुरात गाडीतल्या रेडिओसाठी २०११ पर्यंत वर्षाला २७ डॉलर भरावे लागत. आता ते बंद झालंय, पण पैसे भरले काय नि न भरले काय, त्या रेडिओवर मराठी लागत नाही. ती आपली आपणच गाडीत आणायची.

आमची गाडी जुनी आहे. इथे गाडी रस्त्यावर आणायची तर आधी ‘सीओई’ मिळवावं लागतं. १९९० पासून ही पद्धत आहे. दहा वर्षं गाडी चालवण्याचा हा हक्क बोली लावून घ्यायचा असतो, आणि तो फार महाग पडतो. म्हणून आमच्यासारखी कुटुंबं थोडीच वर्षं उरलेली गाडी घेतात. गाडी जुनी म्हणजे स्टिरिओही जुना.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी फोन ब्लूटूथने जोडला. पडद्यावर फोनचं नाव दिसलं. तेवढ्यात कऱ्हाडहून सासूबाईंचा फोन आला आणि चारही स्पीकरमधून त्यांचा आवाज घुमला. आम्हाला वाटलं, झालं काम. फोन ठेवला, गाणं लावलं, तर गाणं वाजलं फोनच्याच बारीक स्पीकरवर.

याचं कारण अनेकांना माहीत नसतं. ब्लूटूथवर बोलण्यासाठी एक व्यवस्था असते आणि गाणी ऐकण्यासाठी दुसरी. जुन्या गाड्यांत पुष्कळदा पहिलीच असते, कारण हात न लावता फोन घेता यावा एवढ्यासाठीच ती बसवलेली असते. तेव्हा गाडी घेताना नुसतं ‘ब्लूटूथ आहे का’ असं विचारू नका. ‘ब्लूटूथ ऑडिओ आहे का’ असं विचारा आणि तिथेच एक गाणं लावून बघा. नव्या गाडीतही गाणं येत नसेल तर अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तेवढंच बंद राहिलेलं असतं.

आमच्या गाडीत ती सोयच नव्हती. मग आम्ही सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर आणला. हे एक चिमुकलं रेडिओ केंद्रच असतं. फोनचा आवाज ते एफएमच्या एखाद्या फ्रीक्वेन्सीवर सोडतं आणि गाडीचा रेडिओ तीच फ्रीक्वेन्सी लावून तो पकडतो. महाराष्ट्रात गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर हे छान चालतं. सिंगापुरात मात्र ८८ ते १०८ मध्ये मोकळी जागा शोधावी लागते. इथली केंद्रं आहेतच, शिवाय उत्तरेला खाडीपलीकडे मलेशियाचं जोहोर आणि दक्षिणेला समुद्रापलीकडे इंडोनेशियाचं बाताम. दोन्हींकडची केंद्रं इथे ऐकू येतात. घरापाशी मोकळी वाटलेली जागा दहा किलोमीटरवर भरलेली निघते.

सासूबाई दर आठवड्याला नातीसाठी एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवतात. त्या दिवशी भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेल्या म्हातारीची गोष्ट लागली होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती, मध्येच पोळ्यांच्या मावशींना दार उघडायला त्या उठल्या, तेही त्यात आलं होतं. भोपळा वाघापाशी पोहोचला, आणि त्याच क्षणी आजींचा आवाज बुडाला. त्या जागी जोरात एक इंडोनेशियन जाहिरात सुरू झाली. मागच्या सीटवरून लेक रडवेली होऊन म्हणाली, ‘आई, आजीला परत आण ना!’ ते शब्द माझ्या मनात रुतले. आवाज गेला म्हणजे तिच्यासाठी आजीच गेली होती. त्याच आठवड्यात मी यावर कायमचा उपाय शोधायचं ठरवलं.

तो उपाय गाडीतच होता. दोन सीटमधल्या खोक्यात, झाकणाखाली, एक गोल भोक होतं, साडेतीन मिलिमीटरचं. त्याला ऑक्स म्हणतात. तिथून फोनपर्यंत साधी वायर जोडली की मध्ये हवेतलं काहीच येत नाही, त्यामुळे कोणाची जाहिरात त्यात घुसत नाही. फोनला हेडफोनसाठी असंच भोक असायचं, पण आयफोनमधून ते २०१६ साली गेलं आणि पुढे इतर फोनांतूनही गेलं. अशा फोनांसाठी ऑक्समध्ये खोचायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. फोन रिसीव्हरला जोडायचा आणि रिसीव्हर गाडीला. आम्ही तेच केलं. त्याहून जुन्या, कॅसेटच्या गाडीसाठी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर असतो. नव्या गाड्यांत कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो असतं. तिथे वायर वापरणार असाल तर नुसती चार्जिंगची चालत नाही, डेटा नेणारीच लागते.

ऑक्सवर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली आवाजाची पातळी. फोनचा आवाज पाऊण भागाच्या वर ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवर करा. फोन हळू आणि स्टिरिओ मोठा केला की खरखरही मोठी होते. दुसरी गोष्ट म्हणजे किणकिण. फोन किंवा रिसीव्हर गाडीच्या चार्जरला लावला की कधी कधी एक बारीक सूर ऐकू येतो, अॅक्सिलरेटर दाबला की तो चढतो, सोडला की उतरतो. गाडीत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा तो आवाज, चार्जर आणि ऑक्सच्या वायरीतून फिरून स्पीकरपर्यंत येतो. चार्जर काढून बघा. सूर थांबला तर दोष स्टिरिओचा नाही. ऑक्सच्या वायरीत ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी बसवली की तो थांबतो.

मग ऐकायचं काय? प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एआयआर’ या अॅपवर आकाशवाणीची मराठी केंद्रं जगात कुठेही लागतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. सकाळी सातचा कार्यक्रम आम्ही साडेनऊला ऐकतो, शनिवारी टेक्का बाजारात भाजीला जाताना. सुट्टीत मलाक्क्याला निघालो की मात्र मी सगळं आदल्या रात्री फोनमध्ये डाउनलोड करून ठेवते. जोहोरचा पूल ओलांडला की इथलं इंटरनेट तसंच चालेल असं नाही, आणि गोष्ट मध्येच तुटलेली मुलांना सोसत नाही.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. हे सगळं गाडी सुरू करण्याआधी लावा. सिंगापुरात गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं गुन्हा आहे. २०१५ पासून तो कायदा आणखी कडक झाला. पहिल्याच गुन्ह्याला १००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मागे आपलं मूल बसलेलं असतं. गाणं बदलावंसं वाटलं तर पुढच्या थांब्यापर्यंत वाट पाहा.

एवढा खटाटोप कशासाठी? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभर दर आठवड्याला. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे शेजारपाजार जमायचा आणि सगळे एकच गाणं एकाच वेळी ऐकायचे. आज घरात प्रत्येकाच्या कानात वेगळा आवाज असतो. गाडीतला स्पीकर मात्र अजून सगळ्यांचा आहे. परवा आजींच्या गोष्टीत ‘माजघर’ शब्द आला. लेकीने विचारलं, ‘माजघर म्हणजे काय?’ मी कऱ्हाडच्या घराचा सोपा, माजघर, स्वयंपाकघर असं एकेक करून सांगत गेले. शाळा आली तेव्हा आम्ही परसदारी पोहोचलो होतो. हे संभाषण एरवी कधीच झालं नसतं.

आणि म्हणून महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे. परदेशातल्या नातवंडांसाठी आठवड्याला दहा मिनिटं काढा. फोन टेबलावर ठेवा, तोंडापासून वीतभर अंतरावर. पंखा बंद करा, कारण त्याची घरघर शब्द खाऊन टाकते. गाडीत रस्त्याचाही आवाज असतो, तेव्हा थोडं सावकाश बोला. कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्या. गोष्ट सांगा, तुमची शाळा सांगा, तुमच्या गल्लीतल्या गणपतीचं सांगा, आणि पाठवून द्या. ते मुलांपर्यंत नीट पोहोचवायचं काम आमचं.