सवय सुटते, जागा उरते



शताब्दी साजरी करणाऱ्या कोणत्याही मराठी ग्रंथालयात नाटकांचे एक कपाट असते आणि त्या कपाटात राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ची एखादी जुनी, पुन्हा बांधणी केलेली प्रत बहुधा सापडतेच. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी, अवघे तेहतीस वर्षांचे असताना गेले. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. हुबळी-धारवाड हा तर मराठी नाटक कंपन्यांच्या मुक्कामाचा जुना मुलूख; नाट्यपदांना येथे भाषेची अडचण कधी आली नाही. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी डोळे पुसणारी पिढी आता राहिलेली नाही. पण त्या पिढीने नाटकाचा जो अर्थ पुढे सोपवला, तो मात्र टिकून आहे. दारू वाईट, सुधाकर दुर्दैवी आणि सिंधू थोर, हा तो अर्थ. घातक सवय सुटली की तिच्या जागी काय ठेवायचे, या आजच्या विषयासाठी हा अर्थ थोडा उसवून पाहावा लागेल.

सुधाकर का पितो? तो बुद्धिमान आहे, मानी आहे, वकिलीत नाव मिळवू लागलेला आहे. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळापुरती जाते आणि त्या जखमेवर तळीराम प्याला पुढे करतो. म्हणजे बाटली उघडण्यापूर्वीच काहीतरी फुटलेले आहे. सुधाकराचा आत्मविश्वास दुसऱ्यांच्या नजरेवर उभा होता. नजर बदलली, तसा तो कोसळला. नाटकाच्या उत्तरार्धात तो दारू सोडतोही, आणि ती खऱ्या निश्चयाने सोडतो. मग कामाच्या शोधात निघतो, जागोजाग अवहेलना पदरी येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. प्रेक्षक हा त्याचा दुबळेपणा समजतात. वास्तविक गडकऱ्यांनी येथे फार अचूक निरीक्षण नोंदवले आहे. शपथेने सवय थांबते. तिने व्यापलेली संध्याकाळ, तिने झाकलेली लाज आणि तिच्यामुळे भेटणारी माणसे यांची जागा मात्र रिकामीच राहते.

त्यानंतर सोळा वर्षांनी, मे १९३५ मध्ये, अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन या गावी असाच एक मनुष्य हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. ज्या व्यवहारासाठी आला तो फसला होता, खिशात फारसे पैसे नव्हते. एका बाजूने हॉटेलातील मद्यगृहाचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. सुधाकराचाच हा प्रवेश. फक्त नेपथ्य वेगळे. विल्सनने टेलिफोन उचलला आणि गावातल्या धर्मोपदेशकांकडे अशा एखाद्या मद्यपी माणसाची चौकशी केली, की ज्याच्याशी बोलता येईल. उपदेश ऐकण्याची त्याला गरज नव्हती. आपल्यासारख्याच कोणाशी तरी बोलण्याची होती. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. डॉ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या संघटनेची पहिली पायरी मानी माणसाला मोठी विचित्र वाटते. दारूपुढे आपले काही चालत नाही, हे मान्य करायचे. पराभव कबूल करून आत्मविश्वास कसा यावा? पण व्यसनी माणसाचा सर्वांत लाडका उद्गार कोणता, ते आठवून पाहावे. मनात आणले तर उद्या सोडीन, असे तो म्हणतो. तंबाखूची चिमूट, गुटख्याची पुडी, मटक्याचा आकडा, कशाच्याही बाबतीत हाच उद्गार ऐकू येतो. हा आत्मविश्वास नव्हे, ही बढाई. आणि बढाईला रोज खाद्य लागते. खऱ्या आत्मविश्वासाला आपल्या कुवतीचा अंदाज असतो. दुसरा प्याला थांबवण्याची ताकद आपल्यात नाही, पण पहिला न उचलण्याची आहे, आणि तीही आजच्या दिवसापुरती, एवढे ज्याला कळले त्याच्या पायाखाली जमीन आली. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि किशोर फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ विचारसरणीही याच्या जवळची आहे. तिच्या मते माणसाने स्वतःला गुण देण्याचा उद्योगच थांबवावा; कृती चूक असेल तर तिला चूक म्हणावे, पण त्यावरून अवघ्या माणसाची किंमत ठरवू नये. सुधाकराने हे केले असते, तर सनद गेली तरी सुधाकर उरला असता.

आता सिंधूकडे वळू. येथे काही श्रोत्यांची नाराजी पत्करावी लागेल. सिंधू माहेरी जात नाही, मदतीचा हात नाकारते, दळण दळून संसार चालवते आणि अखेरीस नवऱ्याच्या हातून मूल गेल्यावर, स्वतः मरणाच्या दारी असताना, फौजदारापुढेही त्याला पाठीशी घालते. रंगभूमीवर हे उदात्त वाटते. पण आज व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला विचारावे. या सिंधू त्याला रोज भेटतात. ‘ह्यांना ताप आहे’ असा निरोप ऑफिसात देणारी पत्नी, दारूच्या दुकानातली उधारी गुपचूप फेडणारी आई, रात्रीचा तमाशा शेजाऱ्यांना कळू नये म्हणून रेडिओ मोठा करणारी मुलगी. या साऱ्या प्रेमानेच वागतात. परंतु त्यांच्या प्रेमाचा एक परिणाम असा होतो, की पिणाऱ्याला पिण्याची किंमत कधी मोजावीच लागत नाही. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याचे गुण तोंडावर सांगते, त्याची साथ सोडते. प्रेक्षकांनी तिला टाळ्या दिल्या असतील, पण देव्हाऱ्यात बसवले ते सिंधूला.

‘मर्यादा’ हा शब्द आपल्या घरांत वर्षानुवर्षे सुनेसाठी राखून ठेवलेला आहे. पदर, आवाज, उंबरठा, सगळ्या मर्यादा तिच्याच. पिऊन येणाऱ्यासाठी एकही नाही. हा शब्द आता थोडा फिरवून घेतला पाहिजे. मर्यादा म्हणजे आपण काय करू आणि काय करणार नाही, याची आधी सांगून ठेवलेली रेघ. ऑफिसात खोटा निरोप देणार नाही. उधारी फेडणार नाही. पगाराचा अमुक भाग घरखर्चाला हाती पडला पाहिजे. मुलांवर हात उगारला तर त्याच दिवशी घर सोडू. हे रात्री, भांडणाच्या भरात सांगून उपयोग नसतो. सकाळी, दोघेही शुद्धीवर असताना, शांतपणे सांगावे लागते. आणि जे पाळता येणार नाही ते मुळीच सांगू नये, कारण न पाळलेली धमकी ही समोरच्याला दिलेली परवानगीच ठरते. जेथे मारहाण आहे तेथे तर रेघेची चर्चाही नको. आधी सुरक्षित जागी जावे.

सरकारने आखलेली रेघ पुरते काय? या भागाला त्याचा अनुभव आहे. धारवाड जिल्हा मुंबई राज्यात असताना १९५० पासून येथे दारूबंदी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पुढे ती बंदीही गेली. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायीची विक्री बंद झाली. प्लास्टिकच्या पाकिटातली दारू गेली, बाटलीतली राहिली. कायदा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. दुकान लांब गेले की काही पावले खरोखर थांबतात. पण कायदा दुकानाला कुलूप लावतो, रिकाम्या संध्याकाळीचे काय करायचे ते तो सांगत नाही.

ते पाहायचे तर पुण्यास जावे लागते. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यातील तरुणांत गर्द नावाचे विष पसरले. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी पुढे केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी तेथेच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. १९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळले. तेथे आलेल्या माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेखीचे असतात, आणि हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण अनेक घरांत माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा प्रयोग होतो. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर कंप, फिट्स, भ्रम उद्भवतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. हे काम डॉक्टरचेच.

शरीर शुद्ध झाल्यावर खरे काम सुरू होते, ते दिवस भरण्याचे. ठरल्या वेळी उठणे, व्यायाम, श्रमदान, गटचर्चा, गाणी, खेळ. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, कागदाच्या घड्यांतून पक्षी-प्राणी करत आणि लाकडात शिल्पे कोरत. छंदांकडे करमणूक म्हणून पाहणाऱ्यांना यात गंमत वाटेल; पण रंगीत लाकडी पाळण्यांसाठी नावाजलेल्या या कलघटगीत तरी लाकडावर काम करणाऱ्या हाताचे वेगळे वर्णन नको. हातात पटाशी असलेल्या माणसाला प्याला धरायला तिसरा हात नसतो. पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट चालतो. वर ज्या मर्यादांची चर्चा झाली, त्या स्त्रिया तेथे एकमेकींकडून शिकतात. पुस्तकातून हे शिकता येत नाही, ग्रंथालयात उभे राहूनही हे मान्य करावे लागते.

राहिली कृतज्ञता. हिची एक नक्कल घरोघरी प्रसिद्ध आहे. रात्री धिंगाणा, सकाळी पाय धरणे, डोळ्यांत पाणी, मुलांच्या शपथा. तो पश्चात्ताप असेलही, पण त्याचा रोख स्वतःच्या सुटकेकडे असतो. संस्कृतातला मूळ शब्द पाहावा: कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले, हे ज्याला ठाऊक आहे तो. नशेतल्या माणसाला नेमके तेच ठाऊक नसते. रात्री दार कोणी उघडले, मुलाची फी कोणी भरली, दवाखान्यात कोण बसले, यांची यादी करायला बसले की पहिल्यांदा शरमच वाटते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करण्याची पायरी आहे. केवळ क्षमा मागून ती पुरी होत नाही. मुक्तांगणात समुपदेशक म्हणून काम करणाऱ्यांपैकी अनेक जण पूर्वी तेथेच रुग्णमित्र म्हणून आलेले आहेत. नव्याने आलेला माणूस मनात आणले तर उद्या सोडीन असे सांगू लागतो, तेव्हा समोर बसलेल्याने तेच वाक्य कधीकाळी त्याच इमारतीत म्हटलेले असते. डॉ. बॉब १९५० मध्ये निवर्तले; पंधरा वर्षांत त्यांनी पाच हजारांहून अधिक मद्यपी रुग्णांना, फी न घेता, वैद्यकीय मदत केली अशी संघटनेची नोंद आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कलघटगीहून धारवाड दूर नाही. तेथे ‘डिम्हान्स’ या नावाने ओळखली जाणारी मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, मनोविकारतज्ज्ञ आहेत. घरातला पिणारा माणूस बहुधा प्रथम यायला तयार होत नाही आणि त्याची वाट पाहण्यात घरची माणसे वर्षे घालवतात. त्याच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही. पत्नीने, आईने, थोरल्या मुलाने एकट्याने जाऊन बोलले तरी चालते. पहिली भेट तिची किंवा त्याची स्वतःची असू शकते.