उपचाराला नेणं म्हणजे पकडून देणं नव्हे

"पोराला गांजाचा नाद लागलाय, पण दवाखान्यात नेलं तर पोलीस धरतील," असं गटाच्या बैठकीत कुणीतरी हळूच बोलतं. म्हणून आज कायदा काय म्हणतो ते बघू.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. विकणाऱ्याला तो कडक आहे. पण त्यातलं कलम ६४ अ व्यसनी माणसाला वाट देतं. नशा केल्याचा किंवा अगदी थोडा माल जवळ सापडल्याचा गुन्हा असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पुरा करायचा. अर्ध्यावर सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. अशा गुन्ह्यात दोषी ठरला तरी कलम ३९ प्रमाणे न्यायालय त्याच्या संमतीने, हमीपत्र घेऊन, शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं.

आता खर्च. केंद्राचं सामाजिक न्याय मंत्रालय संस्थांना व्यसनमुक्ती केंद्रांसाठी अनुदान देतं. तिथे दारूवरही उपचार होतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: केंद्र सरकारमान्य आहे का? अनुदान मिळतं का? डॉक्टर कोण? उत्तर नीट मिळालं नाही, तर मंगळसूत्र गहाण टाकू नका.

सरकारी मदतीचा क्रमांक १४४४६, फोन फुकट. आजच गटाच्या वहीत लिहून ठेवा. ज्या घरात गरज आहे, तिथली बाई चारचौघीत विचारणार नाही.